एक्केचाळिसावा ठिपका

एकोणीस वर्षं मी दुभाष्याचं काम केलं. गावच्या सभागृहात सरकारी माणसं यायची, समोर आमची म्हातारी माणसं बसायची, आणि मधे मी. इकडचं तिकडे, तिकडचं इकडे. आपल्या पदरचं काही घालायचं नाही आणि त्यांचं काही गाळायचं नाही, एवढाच या कामाचा नियम.

सभा सगळ्या खाणीबद्दल. खाण आमच्या गावासमोर, सरोवराच्या खाडीच्या पलीकडे. पन्नास वर्षं तिथे सोन्याचा दगड भट्टीत भाजला. त्या दगडात सोन्याच्या जोडीला सोमल होता. दगड भाजला की सोमलाचा धूर धुराड्यातून वर जायचा आणि थंड झाला की पांढरी धूळ होऊन खाली बसायचा, बर्फावर, पाण्यावर, झाडाझुडपांवर. पुढे पुढे ती धूळ पकडून खाणीतच पुरायला लागले. मग सोनं संपलं, कंपनी बुडाली, मालक निघून गेले, धूळ राहिली. आता सरकार जमिनीत नळ्या सोडून ती धूळ कायमची गोठवून ठेवणार होतं, आणि त्यावर आमचं मत घेत होतं. वर्षाला सात-आठ वेळा.

कॅनडाच्या उत्तरेतल्या आम्हा डेने लोकांच्या भाषेत सोमलाला शब्द नाही. मी 'पांढरं विष' म्हणायची. एकदा एका साहेबाने मला बाजूला घेऊन विचारलं, विष हा शब्द जरा कडक होत नाही का? मी म्हटलं, मऊ विष असलं तर सांगा, तो शब्द वापरते.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी ग्रॅहम टलिस नावाचा माणूस नवीन आला होता. मातीचा शास्त्रज्ञ. चाळिशीचा, उंच, बुटाची नाडी कायम सुटलेली. त्याने भिंतीवर नकाशा लावला. खाणीभोवती एकात एक तीन वर्तुळं काढलेली. आतल्या वर्तुळातली रानफळं खाऊ नका, बाहेरच्यातली खायला हरकत नाही, मधल्यातली जपून खा, असं त्याने सांगितलं. मी सांगितलं.

माझ्या आईने हात वर केला. आईचं नाव मोनीक. तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती.

"जपून म्हणजे कसं? जपून चावायचं?"

म्हातारी मंडळी हसली. मी ग्रॅहमला सांगितलं. तोही हसला. म्हणाला, "म्हणजे प्रमाणात."

"किती?"

"ते जागेवर अवलंबून आहे. तुम्ही कुठून आणता ते नकाशावर दाखवा. आम्ही तिथली फळं तपासून नक्की सांगू."

आईने नकाशाकडे पाहिलं. मग शेजारी बसलेल्या फिलोमेनआत्याकडे पाहिलं. "नाही दाखवत," म्हणाली.

फिलोमेनआत्या माझ्या वडिलांची बहीण, आईहून दोन वर्षांनी मोठी. दोघी साठ वर्षं शेजारी शेजारी राहतात. एकीकडे मूस हरण मारलं की दुसरीकडे मांस जातं, एकीचा चहा उकळला की दुसरी कप घेऊन येते. पण क्रॅनबेरी, ती आंबट लाल रानफळं, कुठे वेचायची ते कोणी कोणाला सांगत नाही. आम्ही लहान असताना आई आम्हाला होडीतून न्यायची, खडकाळ किनाऱ्यावर बसवायची, थोरल्या लॉरेन्सला धाकट्यांवर नजर ठेवायला सांगायची आणि बादली घेऊन एकटीच झाडीत शिरायची. जागा पोटच्या पोरांनाही माहीत नव्हती.

"दाखव की गं," आत्या म्हणाली. "मी डोळे मिटते."

"कान मीट आधी. डोळ्यांनी तुला तसंही काय दिसतं?"

"काय म्हणताहेत त्या?" ग्रॅहमने मला विचारलं.

"घरगुती आहे," मी म्हटलं.

पुढच्या सभेला आई जॅमच्या बरणीत मूठ-दोन मूठ क्रॅनबेरी घेऊन आली. बरणी त्याच्यासमोर ठेवली. "हे तपास. जागा कळायची गरज नाही."

ग्रॅहमने शांतपणे समजावलं. तसं चालत नाही. फळं हातमोजे घालून, ठरलेल्या पिशवीत, त्याच जागेवर घ्यावी लागतात. तिथली मातीही लागते. जागेचा नेमका आकडा लागतो, नाहीतर प्रयोगशाळा नमुना घेत नाही.

"मी सांगते की माझ्या हातची आहेत, ते पुरत नाही?"

"नाही. माफ करा."

"साठ वर्षं पोरांनी माझ्या हातचं खाल्लं," आई म्हणाली. "कोणी हातमोजे मागितले नाहीत." तिने बरणी पिशवीत घातली आणि घरी आणली.

त्या जानेवारीत माझी बहीण रोझाली गेली. फुप्फुसाचा कर्करोग. उभ्या जन्मात तिने सिगारेट ओढली नव्हती. लॉरेन्स त्याआधी नऊ वर्षं गेला होता, मूत्राशयाच्या कर्करोगाने, चव्वेचाळिसाव्या वर्षी. रोझालीला पुरायला गोठलेली जमीन आग लावून मऊ करावी लागली. आई त्या आगीजवळ दिवसभर उभी होती.

मे महिन्यात, खाडीतला बर्फ काळा पडायला लागला तेव्हा, एका सकाळी ती मला म्हणाली, "जॉर्जिना, त्या उंच माणसाला फोन कर. दाखवते म्हणावं जागा."

मी का म्हणून विचारलं नाही. मला वाटलं, म्हातारपणी हट्ट सुटला असेल.

सप्टेंबरात, पहिली थंडी पडून फळं गोड झाल्यावर, आम्ही तिघं होडीने निघालो. त्याआधी एका कागदावर आईची सही लागली. नऊ पानी संमतिपत्र. मी ते धक्क्यावर उभ्या उभ्या तिला वाचून दाखवलं, भराभर, कारण वारा वाढत होता आणि ग्रॅहम सारखा घड्याळाकडे बघत होता. आईने पाण्याला चिमूटभर तंबाखू वाहिली आणि पुढे जाऊन बसली. मोटर माझ्या हातात. वळायचं असलं की आई त्या बाजूला ओठ काढायची. आमच्यात दिशा अशीच दाखवतात. ग्रॅहम बिचारा तिचा हात कधी उठतो त्याची वाट बघत होता.

किनाऱ्यावरून झाडीत वीस मिनिटं चालावं लागलं. मग एक लांबट खडक, आणि त्याच्या पाठीमागे, विरळ स्प्रूसच्या झाडांखाली, शेवाळावर पसरलेली लालच लाल जमीन. इतकी फळं मी एका जागी कधी पाहिली नव्हती. मला क्षणभर आईचा राग आला. एवढं असून आम्हाला बादलीतलंच दाखवलं.

ग्रॅहमने निळे हातमोजे घातले, पिशव्यांवर आकडे घातले. फळं घेतली, पानं घेतली. मग छोट्या फावड्याने शेवाळ उचलून खालची माती खरवडू लागला.

"माती कशाला?" आई म्हणाली. "माती कोण खातंय?"

तेवढ्यात मी खडकावर चढले. आणि समोर खाण. खाडीच्या पलीकडे सरळ दिसत होती, उघडे डोंगर, लोखंडी छपरं, सगळं. होडीने टोकाला वळसा घालून यावं लागायचं म्हणून ही जागा मला लहानपणापासून लांबची वाटायची. पाण्यावरून सरळ गेलं तर काहीच लांब नव्हती.

आई माझ्या मागे येऊन उभी राहिली. "वारा कायम तिकडून यायचा," ती म्हणाली. "आम्ही म्हणायचो, बरं आहे, डास उडतात."

परत निघताना तिने ग्रॅहमला तीनदा विचारलं, जागा कोणाला कळणार नाही ना? तो म्हणाला, नकाशावर फक्त एक आकडा येईल. निकाल नाताळापर्यंत कळवतो. आईने त्या दिवशी बादलीभर क्रॅनबेरी वेचल्या होत्या, त्या फ्रीजरमध्ये ठेवल्या. निकाल येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही म्हणाली.

नाताळ गेला. मी फेब्रुवारीत फोन केला, तर नमुने प्रयोगशाळेत आहेत. एप्रिलमध्ये केला, तर नमुने प्रयोगशाळेत आहेत, पण एका फॉर्मवर सही राहिल्यामुळे पडून आहेत. ती सही ग्रॅहमची, आणि ग्रॅहमची बदली दक्षिणेला झालेली. जूनमध्ये एका नव्या बाईंनी फोन उचलला. फार गोड बोलल्या. म्हणाल्या, "ती फाइल अजून माझ्याकडे आलेली नाही, पण तुमची चिंता मी नोंदवून घेते."

"चिंता नको नोंदवू, फळं खायची की नाही ते सांग," आई बाजूने म्हणाली. इंग्रजी तिला दुकानापुरतं येतं, पण फोनवरचा गोड आवाज तिला सगळ्या भाषांत कळतो.

सप्टेंबर आला. आई गेली नाही. खिडकीशी बसून खाडीवरून जाणाऱ्या होड्या मोजत राहिली. फ्रीजर उघडला की बादली दिसायची, आणि ती झाकण लावून टाकायची.

पत्र नोव्हेंबरात आलं. चौदा महिन्यांनी. चार पानं. स्वयंपाकघरात बसून मी ते आईला वाचून दाखवलं. फळांमधलं प्रमाण चिंतेच्या पातळीखाली होतं. मातीतलं प्रमाण मार्गदर्शक पातळीच्या वर होतं. म्हणून फळं धुऊन खावीत. वेचताना जमिनीवर बसू नये. हात धुवावेत, पण सरोवराच्या पाण्याने धुऊ नयेत. तिथे चूल पेटवू नये. लहान मुलांना बरोबर नेऊ नये.

आईने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे उभ्याने वेचायचं आणि पाणी घरून न्यायचं. फळांना जायचं की ऑपरेशनला?"

मी शेवटचं पान पुन्हा वाचलं.

"खायची की नाही?"

"तसं लिहिलेलं नाही."

"चार पानं आहेत ना?"

"चार आहेत."

तिने पत्र माझ्या हातातून घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं, जणू मागच्या बाजूला कुठेतरी उत्तर असेल, आणि पावाच्या डब्याखाली सरकवलं.

महिन्याभराने सभागृहाच्या भिंतीवर नवा नकाशा लागला. त्यावर हिरवे, पिवळे, लाल ठिपके. खाडीच्या टोकाजवळ, त्या खडकामागे, लाल ठिपका, त्यावर एक्केचाळीस. मातीच्या आकड्यावरून रंग दिलेले. खाली बारीक अक्षरांत यादी होती, आणि त्या यादीत एक्केचाळीस नंबरपुढे लिहिलेलं, 'क्रॅनबेरी. माहिती देणारी व्यक्ती', आणि पुढे माझ्या आईचं नाव, आडनावासकट.

मी तिथूनच त्या बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "पण संमतिपत्राच्या सातव्या पानावर ते स्पष्ट लिहिलंय. तुमच्या आईंना वाचून दाखवलं होतं ना?"

वाचून दाखवणारी मीच होते. सातवं पान मला आठवतही नव्हतं.

आईला मी त्याच दिवशी सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. नुसती म्हणाली, "वारा होता त्या दिवशी."

हिवाळ्यातल्या मेजवानीला सगळं गाव सभागृहात जमतं. ढोल वाजतात, टेबलांवर कॅरिबू हरणाचं भाजलेलं मांस, वाळवलेले मासे, तव्यावरून उतरलेल्या बॅनकच्या जाड भाकऱ्या. आईने फ्रीजरमधली बादली काढली, क्रॅनबेरी तीनदा धुतल्या, साखर घालून शिजवल्या आणि दरवर्षीसारखं मोठं पातेलं टेबलावर नेऊन ठेवलं. दरवर्षी ते पहिल्या पंधरा मिनिटांत चाटून पुसून रिकामं व्हायचं.

त्या दिवशी लोक पातेल्याजवळ यायचे, आईला हसून काय कशी आहेस विचारायचे, आणि पुढच्या भांड्याकडे सरकायचे. एका पोरीने चमचा उचलला, तर तिच्या आईने तिच्या हातातून अलगद काढून घेतला. कोणी वाईट बोललं नाही. मी आणि माझ्या दोन्ही भावांनी वाढून घेतलं, पण घरच्यांनी घेतलेलं कोण मोजतं?

मग फिलोमेनआत्या काठी टेकत आली. वाडगाभर वाढून घेतलं आणि आईशेजारी बसून खाऊ लागली.

"लाल ठिपक्याची आहेत," आई म्हणाली.

"माहीत आहे मला."

"नकाशा वाचायला लागलीस?"

"नकाशा कशाला? मला ती जागा अडुसष्ट सालापासून माहीत आहे." आत्याने चमचा चाटला. "दरवर्षी तू जायच्या दोन दिवस आधी मी जाऊन यायचे. तुला वाटायचं अस्वल येऊन गेलं."

आई तिच्याकडे वळली. "तरी मी म्हणायची, हे अस्वल एवढं नीटनेटकं कसं खातं."

दोघी हसायला लागल्या. आत्याला हसता हसता ठसका लागला. मी पाणी आणायला उठले. परत आले तेव्हा दोघींचं हसू थांबलं होतं.

"म्हणजे तुझ्या पोरांनीही तीच खाल्ली," आई म्हणत होती.

"तीच."

आत्याचा मुलगा एक्केचाळिसाव्या वर्षी गेला. त्याच्या तळहातांवर आणि तळपायांवर आधी मसुरीएवढ्या कडक गाठी आल्या होत्या. डॉक्टर म्हणाले होते, कामाने पडलेले घट्टे असतील. सोमलानेही तशा गाठी येतात, हे तेव्हा कोणी सांगितलं नाही. आत्याने वाडगा खाली ठेवला. तिनेही पुढे खाल्लं नाही.

मार्च महिन्यात नव्या बाई स्वतः सभेला आल्या. पडद्यावर चित्रं दाखवली, जमीन कशी गोठवणार, नळ्या किती खोल जाणार. शेवटी विचारलं, काही प्रश्न?

आई उभी राहिली. एरवी ती बसूनच बोलायची.

"मी आता ऐंशीची झाले," ती म्हणाली. "मी काय खायचं ते मला आता विचारायचं नाही. मला सहा मुलं झाली. दर हिवाळ्यात मी त्यांना ही फळं भरवली, कारण नर्स म्हणायची फळं द्या, दात चांगले राहतील. बर्फ वितळवून त्याचा चहा पाजला. बर्फ वापरू नका म्हणून पाटी लावलीत म्हणता, ती इंग्रजीत होती. माझी दोन पोरं गेली. हिचा एक गेला. मला एवढंच सांगा. ते मी माझ्या हाताने भरवलं का?"

तेव्हा मला कळलं की तिने ती जागा कशासाठी दाखवली होती. दोन वर्षं ती विचारत होती, ते फ्रीजरमधल्या बादलीबद्दल नव्हतंच.

मला हे इंग्रजीत सांगायचं होतं. सांगितलं. एक शब्द गाळला नाही.

बाईंचा चेहरा पडला. वाईट बाई नव्हत्या त्या. त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि बोलायला लागल्या. मागच्या काळातल्या संपर्काबद्दल पुरेशी माहिती उपलब्ध नाही. एका व्यक्तीच्या आजाराचं कारण निश्चित करता येत नाही, अनेक घटक असतात. लघवीच्या आणि नखांच्या तपासण्यांचा अभ्यास चालू आहे, तो आजच्या परिस्थितीबद्दल सांगेल. तुमच्या भावना आम्ही अत्यंत गांभीर्याने घेतो. त्या चार-पाच मिनिटं बोलत होत्या, आणि मी वहीत लिहून घेत होते, कारण तेच माझं काम.

मग त्या थांबल्या. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आई अजून उभी होती.

मी वही मिटली. "तिला माहीत नाही," मी आमच्या भाषेत म्हटलं.

बाईंनी विचारलं, "झालं? मी बरंच बोलले होते."

"हो," मी म्हटलं. "झालं."

आई मान हलवत खाली बसली. "इतक्या वर्षांत यांचं पहिल्यांदा काही समजलं," ती आत्याला म्हणाली. "हेच आधी सांगितलं असतं तर एवढ्या खुर्च्या मांडाव्या लागल्या नसत्या."

तीन आठवड्यांनी सभेचा वृत्तांत आला. त्यात आईच्या बोलण्याचं एक वाक्य होतं. 'ज्येष्ठ सदस्यांनी रानफळांच्या सुरक्षिततेबद्दल चिंता व्यक्त केली.' मी फोन केला. म्हटलं, तिने चिंता व्यक्त केली नाही, प्रश्न विचारला होता. प्रश्न लिहा. पलीकडून उत्तर आलं की वृत्तांत मंजूर झाला आहे, पुढच्या सभेत दुरुस्ती सुचवता येईल. पुढच्या सभेला मी गेले नाही. त्यांनी शहरातून दुसरी मुलगी आणली. हुशार आहे म्हणतात, आणि शब्दही तिचे माझ्यापेक्षा मऊ आहेत.

त्या सप्टेंबरात दोघी म्हाताऱ्या माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. रबरी बूट घालून, बादल्या घेऊन. सरोवराच्या पूर्वेला, जिथे धूर कधी पोहोचला नसेल, तिकडे जायचं म्हणाल्या. होडीने तीन तासांची वाट. निम्म्या वाटेत लाटा वर आल्या आणि दोघी भिजल्या. आत्या म्हणत होती उजवीकडे घे, आई म्हणत होती डावीकडे. दोघींचे ओठ दोन दिशांना, आणि मी मधे सुकाणू धरून.

तीन बेटं पालथी घातली तेव्हा एका उतारावर थोडी क्रॅनबेरी मिळाली. तुरळक, बारीक. दोघी शेजारी शेजारी वाकून वेचत होत्या, आणि दोघींचे गुडघे बोलत होते. दोन तासांत दोघींची मिळून अर्धी बादली झाली.

आईने एक दाणा तोंडात टाकला आणि तोंड वाकडं केलं. "पाणी आहे नुसतं. याला चवच नाही."

"साखर घाल," आत्या म्हणाली.

"तुझं काय जातंय? तुला आयतं खायची सवय."

आई आता तीच खाते. फार नाही, बॅनकबरोबर चमचाभर. पहिल्या दिवशी चमचा तोंडाशी नेऊन ती थांबली. "इथली माती कोणी तपासली आहे का?" तिने मला विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

तिने चमचा तोंडात घातला.